आंब्यावरचं बांडगूळ : वाचकांचे प्रश्न

अंगणातल्या आंब्यावर बांडगूळ आलंय. त्याची पानं तर आंब्यापेक्षा टवटवीत आहेत. मग ते स्वतःचं अन्न करत नाही का? (मानेवाडा)

करतं. पान हिरवं आहे, म्हणजे साखर तयार होतेच. त्याच्याकडे नाहीत ती जमिनीत जाणारी मुळं. फांदीवर जिथे ते चिकटलंय तिथली फुगीर गाठ बघा. तिच्या आत त्याचं शोषकमूळ थेट आंब्याच्या जलवाहिन्यांना भिडलेलं असतं. पाण्यासोबत नत्र, स्फुरद, पालाश सगळं आयतं मिळतं.

पण हे पाणी ओढायचं कसं? आपल्या नागपुरी मे महिन्यात, भर दुपारी आंबा पर्णरंध्रं आवळून पाणी राखतो. बांडगूळ मात्र आंब्यापेक्षा जास्त पाणी हवेत उडवत राहतं, आणि तीच त्याची ओढ. पालाशचं तर आणखी वेगळं. झाडात तो पानातून रसवाहिनीवाटे, म्हणजे पानातली साखर झाडभर नेणाऱ्या नळीवाटे, परत फिरू शकतो. बांडगुळाची रसवाहिनी आंब्याला जोडलेलीच नसते, त्यामुळे आलेला पालाश परत जात नाही. म्हणून त्याच्या पानांत तो यजमानापेक्षा कितीतरी जास्त सापडतो.

खत वाढवलं तर झाड सावरेल का? (काटोल)

नुसत्या खताने नाही, त्यातला वाटा बांडगुळालाही जातो. नुसतं ओरबाडूनही उपयोग नाही, शोषकमूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं. शिवाय आपल्याकडचं नेहमीचं बांडगूळ सालीवरून मुळं पसरवत जागोजागी नव्याने चिकटतं. ती मुळं कुठवर गेलीत ते बोटाने चाचपा, आणि त्याच्या हातभर अलीकडे, खोडाच्या बाजूने, फांदी कापा. कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. हे काम बांडगुळाची फळं पिकायच्या आत उरका.

बांडगुळाची पडलेली पानं खतात टाकू का? (उमरेड)

जरूर टाका. बहुतेक झाडं पान गाळण्याआधी त्यातलं नत्र-स्फुरद बरंचसं काढून घेतात. बांडगूळ फारसं घेत नाही, त्यामुळे त्याचा पालापाचोळा कसदार असतो.

मग परिसरातलं प्रत्येक बांडगूळ छाटायचं? (धरमपेठ)

कृपा करून नको. फळबागेत आणि अशक्त झाडावर छाटा. मोठ्या, धडधाकट रानझाडावर एखाद-दुसरं राहू द्या. हळदीकुंकू फुलपाखरू अंडी घालतं ते बांडगुळाच्याच पानांवर. आणि अंगठ्याएवढा फुलटोच्या त्याची फळं खातो. बी इतकं चिकट की ते सुटावं म्हणून त्याला बूड फांदीवर घासावं लागतं. घासलं की बी तिथेच चिकटतं.