वर्तुळ चपटं दिसतंय?

तुझं गणित बरोबर आहे. ऑक्टेव्ह (आकडेमोड करणारं आणि आलेख काढणारं सॉफ्टवेअर) दोन्ही अक्ष खिडकीच्या मापात ताणून बसवतं, म्हणून वर्तुळ चपटं होतं. ‘प्लॉट’ या आलेख काढणाऱ्या आज्ञेनंतर ‘ॲक्सिस इक्वल’ (axis equal) लिही, म्हणजे दोन्ही अक्षांचं माप सारखं होतं.

प्लॉट फक्त बिंदू सरळ रेषांनी जोडतो, हे एकदा डोक्यात पक्कं बसव. लिनस्पेसने (linspace, सारख्या अंतरावरचे आकडे देणारी आज्ञा) ० ते २π यांत १०० बिंदू घे, एक्समध्ये त्यांचे कॉस, वायमध्ये साइन भर, की वर्तुळ तयार. तिथेच ७ बिंदू घेतलेस तर षटकोन येतो, कारण शेवटचा बिंदू पहिल्यावरच पडतो. करून बघच, मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार आनंद झाला होता! चौरसालाही ५ बिंदू लागतात ते याचमुळे: एक्स ०, १, १, ०, ० आणि वाय ०, ०, १, १, ०. पाचवा विसरलास तर एक बाजू उघडी राहते.

त्याच चित्रावर दुसरी आकृती हवी असेल तर आधी ‘होल्ड ऑन’ (hold on) लिही, म्हणजे पहिली पुसली जात नाही.