आंबाडीची तीन नावं

सोलापूर, मे महिना

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉलनीतल्या मोकळ्या जागेत भाज्या लावायच्या, सगळ्यांनी मिळून त्या राखायच्या आणि त्या निमित्तानं माणसं एकमेकांना ओळखू लागावीत, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. रोपांची एवढी मोठी यादीही केलीस. ती यादी आत्ता बाजूला ठेव. एक कोरी वही घे आणि जागेच्या आसपासच्या प्रत्येक घरात जाऊन ये. 'तुम्हाला वेळ आहे का' असं मात्र कुणाला विचारू नकोस. वेळ कुणालाच नसतो. 'तुम्हाला काय येतं' एवढंच विचार आणि उत्तर त्यांच्यासमोर लिहून घे.

मला हे उशिरा कळलं. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही शाळेतर्फे एका रस्त्याकडेला साठ झाडं लावली होती. जुलै महिना, बॅनर, पाहुणे, फोटो, मुलांना खाऊ. पुढच्या एप्रिलपर्यंत त्यातली चार उरली. ऊन फार होतं म्हणून गेली, असं मी बरेच दिवस म्हणत राहिले. खरं तर समोरच्या घरांतल्या एकाही माणसाला आम्ही काही विचारलं नव्हतं. त्यांच्या दारासमोर आम्ही खड्डे घेतले, म्हणून ती झाडं आमची झाली. शेळ्या आल्या तेव्हा कुणी हाकललं नाही. त्यांचं काय चुकलं? चूक माझी होती.

दुसऱ्या खेपेला पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीजवळ, तीनच वाफे केले. बी आणण्याआधी एका आजींच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसले. मांडीवर सूप, हातात कात्री, तेंदूची पानं कापणं चाललेलं. मजुरी हजार विड्यांवर ठरलेली, त्यामुळे त्यांना मान वर करायलाही सवड नव्हती. मी विचारलं, ''आजी, इथं भाजी लावायची आहे. काय लावू?'' कात्री न थांबवता त्या म्हणाल्या, ''पुंटीकूरा.'' मला कळेना. समोरच्या दारातून एक कानडी बोलणारी बाई म्हणाली, ''अहो, पुंडीपल्या म्हणतायत त्या.'' तेही कळेना. मग आजी उठल्या, आतून फडक्याची गाठोडी आणली, सोडली आणि माझ्या तळहातावर बी ओतलं. आंबाडी! एका भाजीची तेलुगू, कानडी आणि मराठी अशी तीन नावं, आणि आम्ही तिघी त्या गल्लीत हसतोय.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या आपणहून वाफ्यावर आल्या. ''लई दाट पेरलं बाई तुम्ही,'' म्हणून शेजारच्या रिकाम्या वाफ्यात स्वतः बसल्या. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीतून दोन-दोन बिया, अर्ध्या पेराएवढ्या खोल, वर भुरभुरती माती. पान कापताना जी बोटं मी बघत होते, तीच बोटं, तोच वेग. पुढे रोपं वाढली तेव्हा त्यांनी शेंडा खुडायला शिकवलं. रोप उपटायचं नाही, वरचा कोवळा शेंडा नखानं तोडायचा, मग बाजूनं फुटवे येतात आणि एकच वाफा पुन्हा पुन्हा भाजी देतो. त्या वस्तीत इतकी वर्षं राहूनही, आज किती विड्या झाल्या, यापलीकडे त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आंबाडीचं विचारलं आणि त्या वाफ्याच्या धनीण झाल्या. हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगेन. मदत करायला या म्हटलं की माणूस अंग चोरतो, पण तुम्हाला येतं ते आम्हाला शिकवा म्हटलं की तो तासभर आधी येऊन बसतो.

आपल्याकडे हे काही नवं नाही. गावाकडं इर्जिक असायची. एकाचं रान नांगरायला सगळ्यांनी आपापली औतं घेऊन जायचं आणि घरधन्यानं जेवण घालायचं. सावड असायची, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. आपल्या सोलापूरच्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना सोबत घेऊन तळं खोदलं, हे तर आपण त्यांच्या संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेला जाता-येता लहानपणापासून ऐकत आलो. 'स्वयंसेवक' हा शब्द वस्तीत वापरलास तर म्हातारी माणसं बिचकतील. 'सावड करू या' म्हण, लगेच उमगेल.

आता पाण्याचं, कारण सोलापुरात सगळं तिथंच अडतं. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला सर्वांत भरवशाचा सप्टेंबरचा. मंगळवेढ्याची ज्वारी त्याच पावसानं भिजलेल्या काळ्या जमिनीतल्या ओलीवर पिकते. तूही तेच धर. जूनमध्ये आंबाडी, तांदुळजा, गवार एवढंच लाव. मेथी, पालक, चुका, मुळा हा मोठा पसारा सप्टेंबरच्या अखेरीस मांड. काळी माती पावसात चिकट होते, पाणी धरून बसते, म्हणून पावसाळ्यातले वाफे वीतभर उंच ठेव. पाचोळा कुणी जाळत असेल तर मागून आण आणि वाफ्यावर चार बोटं जाड अंथर.

नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे आपलं दुखणं. पण त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक घर जागं असतं, माणसं दारात असतात, नळी-बादलीची गडबड असते. कामाचा दिवस तोच ठरव. रविवार ठरवू नकोस, रविवारी लोक लग्नाला जातात. घरटी एक बादली मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. शिवाय पाझरणारे जुने माठ फेकू देऊ नकोस. ते शेवग्याच्या, लिंबाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुर, भर आणि वर झाकण ठेव. पाणी हळूहळू झिरपतं, मे महिन्यातही रोप तग धरतं. तिथल्या पोरांना एकेक माठ वाटून दे. माठ भरण्यासाठी पोरं भांडतात, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

लिंबू आणि कढीपत्ता नक्की लाव. त्यावर लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या येतील, आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या, मग हिरव्यागार. लोक म्हणतील, फवारा मारा. तू एका फांदीवरच्या अळ्या राखून ठेव आणि मुलांना रोज दाखव. ज्या मुलानं कोषातून फुलपाखरू बाहेर येताना बघितलंय, ते त्या झाडाची फांदी पुन्हा मोडत नाही.

आणखी एक, आणि हे मी कळकळीनं लिहिते. पुढे उत्साह वाढला की कुणीतरी म्हणेल, चला, नान्नजकडच्या माळावर हजार झाडं लावू. जाऊ नकोस. माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे. तिथलं गवत हेच तिथलं जंगल आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते याच गवताळ रानात. धाविक, चंडोल यांसारखे पक्षी, काळवीट, लांडगा यांना उघडा माळच लागतो. दाट झाडी आली की त्यांची जागा जाते. पोरांना तिथं गवत बघायला ने, कुदळ घेऊन नको.

जागा महापालिकेची असेल तर लेखी परवानगी आधी घे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यांच्या कॉलेजला सांग, पन्नास मुलं एकदा नकोत, तीच पाच मुलं वर्षभर हवीत.

भाजी निघू लागली की कुरबुरी होतील, कोण जास्त खुडतं, कोण नुसतंच नेतं. विकायला काढलीस तर हिशेब आला आणि हिशेबाबरोबर भांडण. आमच्याकडे पहिली खुडणी बाळंतीण, आजारी माणूस किंवा एकटी राहणारी म्हातारी असलेल्या घरी जायची, मग ते घर कामाला येवो न येवो. कुणी हरकत घेतली नाही. उलट न येणाऱ्या एका घरातून पुढच्या पाण्याच्या दिवशी दोन बादल्या आल्या. वेळामावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळ्यांना वाफ्याकाठी बसवून भज्जी, भाकरी आणि आंबील कर. आपल्या वाफ्यातलं जे असेल ते भज्जीत घाल, कमी पडेल ते प्रत्येकीनं घरून आणावं.

सध्या एवढंच. वही हातात घेतलीस की पहिल्या पानावर एक गोष्ट लिही आणि मला लगेच कळव. त्या जागेपासून सर्वांत जवळचा नळ कुणाच्या घरी आहे, आणि त्या घरात दुपारी कोण असतं?

तुझ्या बाई