22 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला डाळिंबाच्या बागेसाठी कोणता फ्लेल मोवर घ्यावा आणि तो कसा जोडावा?

तुम्ही लिहिलंय की तीन एकर डाळिंब आहे, 22 एचपीचा ट्रॅक्टर आहे, दुकानदार पाच फुटी मशीन घ्या म्हणतोय आणि पाती वाय आकाराची घ्यावीत की हातोडीची ते कळत नाही. शेवटी एक ओळ आहे: "शाफ्ट वगैरे तर दुकानाचा माणूस येऊन जोडून देतोच." मी त्या ओळीसाठी लिहायला बसलेय. पात्यांचं नंतर बघू.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. जमीन मुरमाड, पाणी जेमतेम, बाग साडेतीन एकर. आमचे हे पुण्याला कंपनीत आहेत, महिन्यातून दोनदा येतात. बाग मी बघते आणि 2019 पासून ट्रॅक्टरही मीच चालवते. फवारणीचा ब्लोअर असो की शेणखताची ट्रॉली, ड्रायव्हर कधी लावला नाही.

2022 ला ठरवलं की बागेत रोटाव्हेटर घालायचा नाही. आमच्याकडं मर रोगानं आणि खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणाऱ्या किडीनं बागाच्या बागा वाळून गेल्यात. रोटाव्हेटर वरच्या थरातली पांढरी मुळी तोडतो आणि तुटलेल्या मुळीतून मर आत शिरते. तण मुळापासून निघतं म्हणून खूश होणाऱ्यांनी आपल्या झाडाची मुळीही निघतेय हे एकदा उकरून बघावं. तण वरून कापायचं, बारीक करायचं आणि तिथंच आच्छादन म्हणून पडू द्यायचं, यासाठी फ्लेल मोवर. आमच्याकडं त्याला कुणी मल्चर म्हणतं, कुणी कुट्टी मशीन.

दीड एकर माझ्या नावावर आहे. अवजाराच्या अनुदानात महिला, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के बसतं, इतरांना 40, म्हणून महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज माझ्या नावानं केला. पूर्वसंमती आल्यावरच खरेदी केली, हे तुम्हीही पाळा, आधी बिल केलं तर अनुदान विसरा. सातबारा माझा, बिल माझ्या नावाचं, बँकेचं खातं माझं. हे एवढं का सांगतेय ते पुढं कळेल.

जूनमध्ये चार फुटी मशीन आलं. दुकानाचा माणूस टेम्पोबरोबर आला. थ्री पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या लिफ्टच्या तीन जोडांना, मशीन लावलं, खोक्यातून नवाकोरा पीटीओ शाफ्ट काढला, एक तोंड ट्रॅक्टरला, एक मशीनच्या गिअरबॉक्सला. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा; त्याची ताकद मशीनला नेतो तो हा शाफ्ट, एकीत एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा. जरा ओढाताण करून पिन बसली. ओढाताण का करावी लागतेय, हे मी विचारलं होतं. तो म्हणाला, "नवीन हाय ओ, वापरून सैल हुतंय." चहा घेतला, दोन फोटो काढले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत घातलं. दोन ओळी सुंदर झाल्या. गाजरगवत, केना, सगळ्याचा भुगा. तिसऱ्या ओळीच्या टोकाला बांधाशी आले, पीटीओ बंद केला, रोटर, म्हणजे पात्यांचा फिरता रूळ, थांबेपर्यंत थांबले आणि वळण्यासाठी लिफ्ट उचलली. मशीन निम्म्यावर गेलं आणि खट्ट आवाज आला. खाली उतरून बघते तर गिअरबॉक्सच्या तोंडाशी चीर गेलेली, तेल मुरमावर ठिबकतंय. ट्रॅक्टरच्या पीटीओच्या सीलमधूनही तेल यायला लागलेलं.

शेजारच्या तुकड्यात धाकटे दीर होते. ते आले, बघितलं आणि एका वाक्यात निकाल दिला: "वैनी, चालू पीटीओवर लिफ्ट उचलली तुमी." मी म्हणाले बंद होता. ते म्हणाले, "बंद असता तर फुटला असता का? बाईमानसाच्या हातात पीटीओ दिल्यावर दुसरं काय हुनार." मामा, म्हणजे माझे सासरे, काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून आपल्या बंडीच्या खिशात घातली. पाच महिने ती तिथंच होती. पाच महिने मी फवारणीला ड्रायव्हर तासावर बोलवला, माझ्याच ट्रॅक्टरवर, आणि पैसे मी मोजले. दुरुस्तीचे 11,500 वेगळे. दुकानदार म्हणाला, चालवण्यातल्या चुकीला वॉरंटी नसते. ही "चालवण्यातली चूक" त्याला भाऊजींनीच फोनवर सांगितली होती.

ट्रॅक्टर आणि मशीन पंढरपूरला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं नेलं होतं. त्यांनी गिअरबॉक्सकडं नंतर बघितलं. आधी शाफ्टची आतली नळी बाहेरच्या नळीतून ओढून काढली आणि तिचं तोंड माझ्यापुढं धरलं. तोंड चेपून बाहेरच्या बाजूला दुमडलेलं होतं. मग बाहेरच्या नळीत बॅटरी मारून दाखवली: तळाशी, योकच्या म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या दुबेळक्याच्या मुळाशी, घासून चकचकीत झालेलं गोल कडं. "ताई, कापला नाय का ह्यो शाफ्ट कुणी?" शाफ्ट कापायचा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी क्रॉसही, म्हणजे योकना जोडणारे फुलीसारखे सांधे, खोलून दाखवले. चालू पीटीओवर मशीन फार उंच उचललं की मार बसतो तो क्रॉसवर. कोन वाढतो, शाफ्ट थडथड करतो, क्रॉसची बेअरिंगं खराब होतात, योक एकमेकांना घासतात, नळीला पीळ बसतो. माझ्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस नव्यासारखे होते, नळी सरळ होती, योकवर ओरखडा नव्हता. मार होता तो नळीच्या टोकावर, लांबीच्या दिशेनं. शाफ्ट फिरत असो वा थांबलेला, लांब असेल तर तो फोडणारच. पीटीओ बंद होता की चालू, याला इथं काही अर्थच नाही.

कार्तिकीला मामा पंढरपूरला गेले. जाताना किल्ली त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली, बोलले काही नाही. त्या दिवशी मी मशीन ट्रॅक्टरला लावलं आणि टेप घेऊन बसले. मशीन जमिनीवर असताना ट्रॅक्टरच्या पीटीओच्या खाचेपासून गिअरबॉक्सच्या खाचेपर्यंत अंतर 22 इंच. शाफ्ट पूर्ण मिटल्यावर साडेएकवीस. म्हणजे जमिनीवर अर्धा इंच मोकळीक, म्हणून त्या माणसाची पिन ओढाताण करून का होईना बसली. मग शाफ्ट काढून ठेवला आणि लिफ्ट थोडी थोडी उचलत प्रत्येक ठिकाणी अंतर मोजलं. निम्म्यावर ते पावणेएकवीस भरलं. शाफ्ट साडेएकवीस. पाऊण इंच लोखंड जाणार कुठं? एका बाजूला ट्रॅक्टरचं बेअरिंग, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचं ओतीव. ओतीव तडकलं.

हे मिनी ट्रॅक्टरलाच जास्त होतं, कारण छोट्या ट्रॅक्टरला मशीन अगदी जवळ येतं आणि खोक्यातला शाफ्ट मोठ्या ट्रॅक्टरलाही पुरावा अशा लांबीचा असतो.

तर तुम्ही असं करा. मशीन लावा, शाफ्ट लावू नका. लिफ्ट खालपासून वरपर्यंत नेत सगळ्यात कमी अंतर कुठं येतं ते शोधा. इंजिन बंद करा आणि मशीनखाली लाकडी ठोकळे ठेवूनच हात घाला, नुसत्या लिफ्टच्या भरवशावर नाही. शाफ्टचे दोन्ही तुकडे वेगळे करून एक ट्रॅक्टरला, एक मशीनला बसवा, शेजारी शेजारी धरा आणि खूण करा. सगळ्यात जवळच्या ठिकाणीही किमान एक इंच मोकळीक राहिली पाहिजे. जितकं जास्तीचं भरेल तितकं आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांतून सारखं कापा, वरचं प्लास्टिकचं कव्हरही तितकंच. मी दोन-दोन इंच कापलं. कापल्यावर कानस मारून कडेची धार घालवा, लोखंडाचा चुरा पुसा, ग्रीस लावून नळ्या परत घाला. घालताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आले पाहिजेत, आडवे-उभे झाले तर मशीन थरथरत राहील. मशीन सगळ्यात लांब जातं तिथंही नळ्या एकमेकींत निदान सहा इंच अडकलेल्या हव्यात, म्हणून हात सैल सोडून कापू नका. लेथवाल्याकडं अर्ध्या तासाचं काम आहे.

आणखी एक विचारून घ्या: शाफ्टला ओव्हररनिंग क्लच, म्हणजे रोटरची ताकद उलटी ट्रॅक्टरकडं येऊ न देणारा जोड, आहे का. छोट्या ट्रॅक्टरांत बऱ्याचदा एकच क्लच असतो. ट्रॅक्टरचा क्लच दाबला तरी जड रोटर गरगरत राहतो आणि तोच उलटा पीटीओतून ट्रॅक्टरला पुढं ढकलतो. बांधाशी, विहिरीशी, झाडाशी हे जिवावरचं आहे. ओव्हररनिंग क्लच वेगळा मिळतो, पण तो घातला की शाफ्टची लांबी वाढते, म्हणून आधी तो बसवा आणि मग मोजा.

मशीन किती फुटी? पाच फुटी घेऊ नका. 22 एचपी हा इंजिनाचा आकडा, पीटीओला त्यातले 18-19 पोचतात. हिरव्या तणाला फुटामागं चार एचपी धरा, छाटणीच्या काड्या असतील तर थोडे जास्त. म्हणजे चार फूट, त्याच्या वर नाही. पाच फुटी उंच गवतात ट्रॅक्टर घुसमटतो, मग माणूस रेस कमी करतो, रोटरचे फेरे पडतात, गवत कापायच्या ऐवजी गुंडाळलं जातं आणि पट्टा जळतो. मागच्या दोन टायरांची बाहेरून बाहेरची रुंदी मोजा, ती मशीननं झाकली म्हणजे झालं. चौदा फुटांच्या ओळीत जायचं-यायचं दोन फेऱ्यांत मधला पट्टा होतो.

पीटीओचा लिव्हरही बघून घ्या. काही मिनी ट्रॅक्टरांना 540 शिवाय 750 किंवा त्याहून जास्त फेऱ्यांचा दुसरा टप्पा असतो. मशीनच्या पाटीवर 540 लिहिलं असेल तर त्या दुसऱ्या टप्प्यावर कधीही चालवू नका. 540 च्या खुणेपर्यंत रेस ठेवायची आणि गिअर हळूचा घ्यायचा.

वजन मागचा रोलर पेलतो, त्यामुळे तो जमिनीला टेकूनच चालला पाहिजे. मुरमाड जमिनीत पाती दोन इंच तरी वर ठेवा, नाहीतर गवत कमी आणि दगडच जास्त कापाल. उचलल्यावर पुढची चाकं हलकी वाटली तर पुढं वजन लावा. पहिल्या दोन-तीन तासांनी पट्टे परत ताणा, नवा पट्टा सैल होतोच. अंगठ्यानं मधोमध दाबल्यावर अर्धा इंच दबावा.

पाती: नुसतं तण असेल तर वाय, काड्या आणि दगडगोटे असतील तर हातोडी. आमच्याकडं हातोडी आहे. कुठलंही घ्या, पण एक पातं तुटलं तर समोरासमोरची दोन्ही बदला, नाहीतर रोटरचा तोल जातो आणि बेअरिंग खातो. कंपनी कोणती घ्यावी ते मी सांगत नाही. पाती, बोल्ट आणि पट्टा तुमच्या तालुक्याच्या गावात मिळतो का, एवढं विचारा.

राहिलेलं. तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग) आलेल्या झाडांच्या काड्या या मशीनखाली कधीही घालू नका. बारीक करून पसरलं म्हणजे रोग आपल्या हातानं बागभर पेरला. त्या वेचून बागेबाहेर नेऊन जाळायच्या, सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथलेही हेच सांगतात. ठिबकच्या नळ्या आधी खोडाकडं सरकवा. हराळी आणि लव्हाळा या मशीननं मरत नाहीत, दर महिन्याला फिरवावं लागतं. मशीन चालू असताना मागं-पुढं कुणाला उभं राहू देऊ नका, गोटा गोळीसारखा येतो. माझी मापं माझ्या ट्रॅक्टरची आहेत. तुमचा आकडा वेगळा येईल, माझे दोन इंच बघून तुमचा शाफ्ट कापू नका.

आता आमच्याकडं प्रत्येक जावळाला, प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतं, "वैनी, गिअरबॉक्स फोडला होता म्हणं?" त्या मशीनवर 2022 च्या कार्तिकीपासून मीच बसते आणि त्यानंतर गिअरबॉक्समधून तेलाचा थेंब गळलेला नाही. भाऊजींनी परवा स्वतःला चार फुटी मशीन बुक केलंय. कापलेला दोन इंचाचा तुकडा, चेपलेल्या तोंडासकट, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला आहे. त्यांचा शाफ्ट जोडायला दुकानाचा माणूस यायच्या आधी त्यांनी येऊन तो बघावा, टेपही मी देते.