सातवी-आठवीच्या मुलांचं वाचन गटप्रकल्पांनी सुधारतं का?

तुम्ही लिहिलंय की जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला मराठी शिकवता, जवळपास निम्मा वर्ग अडखळत वाचतो, जोडाक्षर आलं की काही मुलं थांबतातच, आणि शिक्षण परिषदेत कुणीतरी सांगितलं की गट करून प्रकल्प द्या, वाचन-लेखन आपोआप सुधारेल. मी वरच्या वर्गांना बरीच वर्षं मराठी शिकवतोय. उपयोग होतो, पण आपोआप काही होत नाही.

आधी आपल्याकडे प्रकल्प म्हणून जे चालतं ते आठवा. चार्ट पेपर, झेरॉक्सच्या दुकानातून काढलेल्या प्रिंट, वर स्केचपेनने रंगवलेलं शीर्षक. गटात पाच जण असतात. ज्या मुलीचं अक्षर सुंदर ती सगळं लिहिते, एक जण चित्रं चिकटवतो, आणि ज्याला वाचता येत नाही तो डिंक आणतो. गुण पाचही जणांना सारखे. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याच्या डोळ्यांखालून महिनाभरात एक ओळ गेलेली नसते. तो खूश असतो, कारण त्याला कुणी वाचायला लावलेलं नसतं.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. इंग्लंडमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर प्रकल्पाधारित शिक्षणाची मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल 2016 मध्ये आला. वाचन-लेखनावर स्पष्ट परिणाम दिसला नाही. उलट गरीब घरातल्या मुलांचं थोडं नुकसान झालं असावं, अशी शंका त्यात आहे. बऱ्याच शाळा चाचणी अर्धवट सोडून बाहेर पडल्या होत्या, त्यामुळे तो शेवटचा शब्द मानू नका. मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. प्रकल्पातून मुलाला वाचायला कारण मिळतं. रफार कुठे वाचायचा हे त्यातून कळत नाही, ते कुणीतरी समोर बसून शिकवावंच लागतं. आणि तुमच्या वर्गासाठी ते शिकवायला दुसरं कुणी येणार नाही. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेचा सगळा भर तिसरीपर्यंत आहे. मुलांना खरंच किती वाचता येतं हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या 2023 च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 18 वयाच्या सुमारे 25 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या भाषेत सलग वाचता आला नाही. ती मुलं तुमच्या-माझ्या वर्गातूनच पुढे गेलेली आहेत.

माझ्याकडे जो प्रकल्प चालला तो सांगतो. विषय होता सातबारा. शेवटी मुलांनी एक छोटी पुस्तिका करायची, 'आपला सातबारा कसा वाचावा', आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवायची. वाचणारा-ऐकणारा खरा हवा, म्हणून हा विषय. गावात ज्यांची जमीन आहे त्यांच्यापैकीही अनेकांना तो कागद पुरता कळत नाही, त्यामुळे लोक ऐकायला थांबतात.

या कागदाची गंमत अशी की तो सगळ्यांनाच अडवतो. भोगवटादार (जमीन ज्याच्या नावावर तो), पोटखराबा, आकारणी (जमिनीचा सारा), फेरफार (हक्क बदलल्याची नोंद). वर्गात पहिली येणारी मुलगीसुद्धा 'पोटखराबा'पाशी थांबते आणि अर्थ तिला माहीत नसतो. अर्थ माहीत असतो तो मागच्या बाकावरच्या पोराच्या आजोबांना: पिकाखाली येत नाही ती जमीन. तो पोरगा दुसऱ्या दिवशी अर्थ घेऊन येतो आणि पहिल्यांदाच गट त्याच्या तोंडाकडे बघतो. घरातले एकर-गुंठ्यांत बोलतात, कागदावर हेक्टर आणि आर असतात. एक एकर म्हणजे साधारण 40 आर, हे गणित मुलांनी पुस्तिकेत स्वतःच घातलं. सातबारातल्या बाराच्या नमुन्यात पिकांची नोंद असते, त्यातून पिकांवर चर्चा गेली, तिथून पिकांची नोंद करायच्या ई-पीक पाहणीच्या ॲपवर. ते ॲप घरात बहुतेक ही पोरंच चालवतात, सूचना मात्र न वाचता अंदाजाने बटणं दाबतात.

एक काळजी घ्या. घरचा उतारा आणायला सांगू नका. 'इतर अधिकार'च्या रकान्यात सोसायटीचा, बँकेचा बोजा लिहिलेला असतो, आणि कुणाच्या बापावर किती कर्ज हे वर्गात यायला नको. शिवाय ज्यांच्याकडे जमीनच नाही ती मुलं त्या दिवशी शाळेला दांडी मारतील. एकच नमुना उतारा घ्या, नावं आणि जमिनीचे गट नंबर झाकून झेरॉक्स काढा, सगळ्यांना तोच द्या. जमिनीचा विषय तुमच्या गावात तापलेला असेल तर विजेचं बिल घ्या, ते जवळजवळ प्रत्येक घरात येतं.

गट चार-चारांचे, मुद्दाम मिसळलेले. कागदाचेही चार तुकडे करायचे: क्षेत्र आणि आकारणी एकाकडे, इतर अधिकार दुसऱ्याकडे, फेरफार तिसऱ्याकडे, पिकं चौथ्याकडे. आपला भाग बाकीच्या तिघांना समजावायचा, कारण तो इतर कुणी वाचलेलाच नसतो. ही युक्ती एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांमध्ये वापरली, तिथे कारण वेगळं होतं: गोरी आणि काळी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांचं आपसात जमत नव्हतं. कमी वाचता येणाऱ्याला सगळ्यात छोटा तुकडा द्या, पण द्याच. पुस्तिकेत प्रत्येकाचं एक पान त्याच्याच हस्ताक्षरात. आणि ग्रामसभेत कोण वाचणार हे आधी जाहीर करू नका. कुणालाही वाचावं लागेल हे कळल्यावर गटातली हुशार मुलं स्वतःहून बाकीच्यांकडून सराव करून घेतात, आपण सांगून जे होत नाही ते.

आता सगळ्यात कंटाळवाणा पण खरा भाग. रोज वीस मिनिटं गट मोडायचे आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवायचं. पातळी कळायला असरची अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही साधी चाचणी पुरते. मागे राहिलेल्या मुलांना पहिलीचं पुस्तक देऊ नका, मिसरूड फुटायला लागलेल्या मुलाला ते अपमानास्पद वाटतं. आजोबांनी काय सांगितलं ते त्याला बोलू द्या, तुम्ही त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा, मग तेच वाचून घ्या. 'आज्या म्हनला' असेल तर तसंच लिहा. प्रमाण मराठी पुस्तिकेचा पक्का मसुदा करताना येईल. 'क्षेत्र', 'हक्क', 'वर्ष', 'पत्र' अशी जोडाक्षरं याच मजकुरातून उचला.

वेळेचं म्हणाल, तर आमच्या भागातून ऊसतोडीला कुटुंबं जातात आणि दिवाळीनंतर वर्गातले चेहरे कमी होतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही थेट कारखान्याच्या फडावर जातात. ज्यांना वाचनाची सर्वांत गरज असते तीच बहुधा जातात. म्हणून प्रकल्प जूनच्या शेवटी सुरू करून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला संपवायचा. जानेवारीत सुरू केला तर छान पुस्तिका तयार होईल, पण ती आधीच वाचता येणाऱ्यांची असेल.

अभ्यासक्रम मागे पडेल याची भीती असेल तर पत्र, बातमी, सूचना हे उपयोजित लेखन यातच उरकतं. तलाठी कार्यालयाला माहिती मागणारं पत्र मुलांनी खरंच लिहायचं आणि खरंच नेऊन द्यायचं. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात प्रकल्प आहेच. फक्त गुण देताना सजावट बघू नका. जूनमधली आणि ऑक्टोबरमधली वाचनपातळी शेजारी-शेजारी लिहा, आणि पर्यवेक्षणाला कुणी आलं तर पुस्तिकेच्या आधी ते पान पुढे करा.