आईला घेऊन पिसा-फ्लॉरेन्सचा दिवस: "फार चालायचं नाहीये" यावर विसंबू नका

तुमची पोस्ट वाचून काल रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आईचं वय ६९, गुडघे दुखतात, ग्रुप टूरच्या एका दिवसात सकाळी पिसा आणि दुपारी फ्लॉरेन्स, आणि ऑफिसवाले सांगतात "फार चालायचं नाहीये". जमेल का, असं तुम्ही विचारलंय. २०२३ च्या जूनमध्ये मी माझ्या आईला (तेव्हा ७१) घेऊन अगदी याच दिवसातून गेले. ऑफिसचं वाक्यही हेच होतं.

व्हिसा, विमा, बूट, डॉक्टरांची चिठ्ठी यावर इथे भरपूर लिहून झालंय, ते सोडते.

आधी चालण्याचं. पिसाला मोठ्या बस तिथल्या झुकत्या मनोऱ्यापाशी जात नाहीत. गावाच्या कडेला त्यांचा तळ आहे, तिथून मनोऱ्याच्या चौकापर्यंत साधारण १ किलोमीटर आणि तेवढंच परत. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात बसना शिरता येत नाही. नदीच्या बाजूला कुठेतरी उतरवतात आणि मग सांता क्रोचे चर्च, सिन्योरिया चौक, दुओमो (मुख्य कॅथीड्रल), पोंते वेक्यो (नदीवरचा जुना पूल) सगळं पायी. खाली दगडी फरशा, कुठे वर आलेल्या, कुठे खचलेल्या. माझ्या फोनने त्या दिवशी १२ हजारांवर पावलं मोजली. टेबलामागे बसलेल्या पंचविशीतल्या मुलाला ते "फार नाही" वाटत असेल, गुडघ्याची झीज झालेल्या बाईला नाही. त्यामुळे "चालायचं किती?" असं विचारूच नका. बस कुठे उतरवणार, कुठून परत घेणार, मध्ये किती किलोमीटर आणि बसायला जागा कुठे, हे विचारा आणि उत्तर ई-मेलवर घ्या. मी तीनदा फोन केला, लेखी एकदाही मागितलं नाही. वर फॉर्ममधल्या "चालण्यात अडचण आहे का" या रकान्यात "नाही" लिहा, उगाच प्रश्न नकोत, असं तिथल्या बाईंनी सांगितलं आणि मी तसं लिहिलं. सही माझी होती.

पिसाची सकाळ मात्र छान गेली, हे सांगायलाच हवं. माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, त्यामुळे आईला इमारतींची नजर आहे. मनोऱ्याचं काम ११७३ साली सुरू झालं, जमीन भुसभुशीत असल्याने तीन मजले होईपर्यंतच तो कलला, हे ऐकल्यावर तिने माझ्याकरवी गाइडला विचारलं, "मग आता पडू नये म्हणून काय केलं?" १९९० ते २००१ मनोरा बंद ठेवला होता आणि कललेल्या बाजूच्या उलट बाजूची, म्हणजे उत्तरेकडची माती पायाखालून थोडी थोडी काढून त्याला जरा सरळ केलं, असं त्याने सांगितलं. आईला ते इतकं आवडलं की अख्ख्या बसला तिने ते दोनदा सांगितलं. मनोऱ्याला हात लावून धरल्यासारखा तो सगळे काढतात तसा फोटो मी तिचा काढला. हा फोटो पुढे येणार आहे.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही सिन्योरिया चौकात पोचलो. ऊन रणरणत होतं. आई म्हणाली, "मी इथे सावलीत बसते, तू जाऊन ये गं." चौकाच्या एका बाजूला पुतळ्यांनी भरलेला उघडा मंडप आहे, लोज्जा म्हणतात, तिथल्या दगडी कट्ट्यावर तिला बसवलं. "हलू नकोस" म्हटलं आणि ग्रुपबरोबर पोंते वेक्योकडे निघून गेले. पैसे वाचवायला सिम एकच घेतलं होतं, माझ्यासाठी. तिचा फोन माझ्या पर्समध्ये. हॉटेलचं कार्डही माझ्याकडे. तिला इंग्रजी येत नाही, इटालियनचा तर प्रश्नच नाही. ४० मिनिटांनी परत आले तर कट्टा रिकामा.

यापेक्षा मोठी चूक मी आयुष्यात केलेली नाही. कुणी काही म्हणो, आई-वडिलांना परक्या गावात "इथेच बस" म्हणून सोडून जाऊ नये. दहा मिनिटांसाठीसुद्धा नाही. बसायचं तर दोघींनी बसा.

टूर मॅनेजर पुढच्या घोळक्याबरोबर दुओमोला गेलेले, फोन लागेना. छापील कार्यक्रमावर "आपत्कालीन क्रमांक" होता, तो लावला. तो भारतातल्या ऑफिसचा लँडलाइन निघाला. उन्हाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तिथे ४ वाजून १० मिनिटं, म्हणजे इथे ७ वाजून ४० मिनिटं. ऑफिस बंद. बेल वाजत राहिली. लाखांनी पैसे घेतात, आणि दुपारी तीन-साडेतीननंतर इटलीत काही होणार नाही असं यांनी कशावरून ठरवलं, हे मला आजही कळलेलं नाही. परत आल्यावर मी दोन पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं: मोकळ्या वेळेत प्रवाशाची जबाबदारी प्रवाशाची. तुम्ही आत्ताच त्या क्रमांकावर भारतातल्या रात्री नऊ वाजता फोन करून बघा. कुणी उचलतं का ते कळेल.

चौकात शहर पोलीस उभे होते. त्यांना फोनवरचा सकाळचा फोटो दाखवला. तोच कुर्ता, तेच पांढरे बूट, गळ्यात तीच पिशवी. एकाने रेडिओवर वर्णन सांगितलं, दुसरा माझ्याबरोबर गल्ल्या हिंडला. साधारण ५० मिनिटांनी आई मागच्या गल्लीतल्या एका बारमध्ये सापडली (तिकडे बार म्हणजे कॉफीचं दुकान). स्वच्छतागृह शोधायला उठली होती, दारातच चक्कर आली. काउंटरवरच्या मुलीने खुर्ची दिली, साखरेचं पाणी दिलं आणि शेजारी उभी राहून तिला वारा घालत होती. त्या मुलीचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

ग्रुपची बस तोवर गेली होती. त्याचा मला राग नाही. चालकांच्या तासांचे युरोपात कडक नियम आहेत आणि थांबायच्या जागाही वेळ ठरवून मिळतात. टॅक्सीने हॉटेल गाठलं, ६० युरोंच्या वर गेले. तिथे टॅक्सी रस्त्यात हात करून मिळेल असं धरून चालू नका, स्टँडवर जावं लागतं.

रात्री खोलीत खरं कारण बाहेर आलं. सकाळपासून तिने दोन घोट पाणी प्यायलं होतं. आणि रक्तदाबाची जी गोळी लघवी वाढवते, ती गेले तीन दिवस घेतलीच नव्हती. "चाळीस माणसं बसमध्ये, सारखं सारखं थांबवायला कोण सांगणार?" म्हणाली. वारांप्रमाणे गोळ्यांचा डबा मीच भरून दिला होता. तो उघडून बघितला नव्हता.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळीबद्दल इथल्या कुणाचंच ऐकू नका, माझंही नाही. पण निघण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: लांब बसप्रवासाच्या दिवशी ही गोळी कधी घ्यायची? आम्ही हे आल्यावर विचारलं. आणि तुम्ही स्वतः तिच्यासमोर पाणी प्या, स्वतः स्वच्छतागृहाला जा. "तुला जायचंय का?" विचारलं की ती नाहीच म्हणणार. "मला जायचंय, चल" म्हटलं की येते. महामार्गावर बस थांबतेच, साडेचार तास चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. पुढचा थांबा कुठे हे सकाळीच टूर मॅनेजरला विचारून आईला सांगून ठेवा, तिचा जीव निम्मा हलका होतो. शहरात कुठल्याही बारमध्ये उभ्या उभ्या एक एस्प्रेसो घ्या आणि "बान्यो?" (स्वच्छतागृह?) विचारा. टेबलावर बसलं की त्याच कॉफीचे जास्त पैसे पडू शकतात, पण आईचे पाय दुखत असतील तर खुशाल बसा, तिथे कंजुषी नको.

हॉटेलचं कार्ड आणि तुमचा नंबर तिच्या गळ्यातल्या पिशवीत, सिम तिच्या फोनमध्ये, रोज सकाळी त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो. ११२ हा मदतीचा नंबर तिला पाठ करायला लावा.

जमेल का, याचं माझं उत्तर: जमेल, पण सगळं बघायचं नाही. हे माझं मत, दुसऱ्यांचं वेगळं असेल. पिसाला तळावरून शटल मिळते का बघा, हिरवळीवरून मनोरा आणि कॅथीड्रल बघा, चढायच्या फंदात पडू नका. फ्लॉरेन्सला तुमच्या कार्यक्रमात पियाझ्झाले मिकेलान्जेलो आहे का ते आधी पाहा. टेकडीवरची ती जागा आहे, बस तिथपर्यंत जाते आणि दुओमोच्या घुमटासकट अख्खं शहर एका कठड्यावरून दिसतं. नसेल तर घालायला सांगा. नंतरच्या पायी फेरीत सिन्योरिया चौकापर्यंत जा आणि दोघी तिथेच थांबा. तिथला उघड्यावरचा डेव्हिड (मिकेलान्जेलोचा प्रसिद्ध पुतळा) ही प्रतिकृती आहे, मूळ पुतळा १८७३ पासून अकादेमियाच्या संग्रहालयात आहे, पण आईला बसल्या जागेवरून बघायला ती पुरते.

तुमच्या टूरमध्ये व्हेनिसही असेल तर त्याचं वेगळंच आहे, तिथे पुलांना पायऱ्या असतात. तुमचं आदल्या रात्रीचं हॉटेल व्हेनिसजवळच्या मेस्त्रेला आहे की पादुआला ते कळवा, मग त्या दिवसाचं लिहिते.