शिक्रा हातावर बसवायचाय

प्रश्न : माझे मामू अबुधाबीत ड्रायव्हर आहेत. त्यांच्याकडे गेलो तेव्हा ससाणे पाळणारी माणसं जवळून पाहिली आणि वेडच लागलं. आमच्या वाडीतल्या आंब्यावर शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याचं घरटं आहे. त्यातलं एक पिल्लू उतरवून वाढवायचा विचार आहे. परवाना कुठे मिळेल? तिकडे ज्याला वारसा म्हणतात, त्याला आपल्याकडे बंदी का? — एक वाचक, हर्णै

उत्तर : पिल्लू उतरवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पक्षी पकडणं, अंडी उचलणं, घरटं मोडणं ही सगळी शिकारच ठरते. हौसेसाठी शिक्रा पाळायला परवाना मिळत नाही.

मात्र तुमच्या वेडाला मी नावं ठेवणार नाही. ससाणे पाळून त्यांच्याकडून शिकार करवण्याची ही विद्या खरी आहे, जुनी आहे. युनेस्कोने २०१० मध्ये तिला वारसा मानलं आणि २०२१ मध्ये ती यादी २४ देशांपर्यंत गेली. भारत त्यात नाही. अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकामुळे बहिरी ससाणा संपत आला होता, तेव्हा त्याची पैदास करून त्याला पुन्हा आभाळात सोडणाऱ्यांत टॉम केड यांच्यासारखे ससाणे पाळणारेच पुढे होते. म्हणून ‘हा निव्वळ क्रूरपणा’ असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही.

पण तिथली शिस्तही बघा. अमेरिकेत लेखी परीक्षा द्यावी लागते, पक्ष्याची जागा तपासून घेतात आणि निदान दोन वर्षं जाणत्याच्या हाताखाली काढावी लागतात. अमिरातीत ससाण्याच्या पायात कडी असते, परदेशी न्यायचा तर त्याचा पासपोर्ट लागतो, आणि बरेचसे पक्षी पैदास केंद्रातले असतात. आपल्याकडे यातलं काहीच उभं नाही. आज परवाने दिले तर रानातली पिल्लं कागदासकट विकली जातील. म्हणून बंदी उठवू नये, असंच माझं ठाम मत आहे.

आणि पिल्लाचं काय होतं, तेही ऐका. डोळे उघडल्यापासून माणसाने भरवलेला शिक्रा माणसालाच आई समजतो, भुकेला की किंचाळत राहतो. मग त्याला सोडलं तरी शिकार जमत नाही. जाणते लोक पक्षी रोज तोलतात, कारण एवढ्याशा शिक्र्याला चार-पाच ग्रॅमचा फरकही भारी पडतो. वजन चढलं तर भूक नसते, मग तो हातावर परत येत नाही. फार उतरलं तर मरतो.

ही विद्या इथे कायदेशीर कामी येते ती जखमी पक्ष्यांच्या उपचारात. पंख जुळलेल्या घारीला लांब दोरीवर उडवून तिच्या छातीत बळ आणायचं, मगच सोडायचं, ही युक्ती ससाणे पाळणाऱ्यांचीच. वनविभागाच्या परवानगीने असं काम करणाऱ्या संस्थेत जा, पिंजरे धुण्यापासून सुरुवात करा. दोरी हातात यायला वेळ लागेल.

तोवर आंब्याखालून घरटं बघा. नर काय आणतो, सरडा की चिमणी, तारखेसह लिहून ठेवा. पिल्लू खाली पडलं आणि धडधाकट असलं तर जवळच्या फांदीवर ठेवा, मांजर-कुत्री दूर ठेवा. जखमी असलं तर पाणीसुद्धा पाजू नका; खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.