रस्ता मोकळा, माल मात्र अडलेला

प्रादेशिक रस्ते, रेल्वे, बंदरे आणि परदेशी व्यापार यांच्या संबंधाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : कारखान्यांच्या पट्ट्यापासून बंदरापर्यंतचा महामार्ग चौपदरी झाला, तरी निर्यातीचा माल वेळेत जहाजावर चढत नाही, अशी तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते. मग रस्त्यावरचा खर्च वाया गेला असे समजायचे का?

उत्तर : वाया गेला असे म्हणता येणार नाही, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार मात्र पुष्कळदा घडतो. मालाच्या प्रवासातला काही वेळ चालण्यात जातो आणि काही खोळंबण्यात. महामार्ग रुंद केल्याने चालण्याचा वेळ कमी होतो, खोळंब्याला त्याचा हातही लागत नाही. जागतिक बँकेने २०२३ साली कंटेनरांच्या प्रत्यक्ष नोंदींवरून मांडलेला हिशेब असा आहे, की निर्यातदार देशाच्या बंदरात शिरल्यापासून आयातदार देशाच्या बंदराबाहेर पडेपर्यंत कंटेनरला सरासरी ४४ दिवस लागतात, आणि या सरासरीभोवतीचे प्रमाण विचलन, म्हणजे प्रत्यक्ष वेळ सरासरीपासून साधारण किती मागेपुढे होतो याचे माप, साडेदहा दिवसांचे आहे. सर्वांत मोठा विलंब होतो तो बंदरांवर, विमानतळांवर आणि एका वाहनातून दुसऱ्या वाहनात माल चढवण्याच्या ठिकाणी.

या दोन आकड्यांपैकी मला दुसरा अधिक महत्त्वाचा वाटतो. एखादा मार्ग संथ असला, पण नेहमी तेवढाच वेळ घेत असला, तर निर्यातदार त्याप्रमाणे आपले वेळापत्रक आखतो. तोच मार्ग आज आठ तास आणि उद्या वीस तास घेणार असेल, तर त्याला प्रत्येक वेळी वीस तास धरूनच निघावे लागते, बंदराजवळ गोदाम भाड्याने घ्यावे लागते आणि जहाजाची कटऑफ वेळ, म्हणजे माल स्वीकारण्याची शेवटची वेळ, चुकली तर पुढच्या फेरीपर्यंत माल सांभाळत बसावे लागते. हा सगळा खर्च शेवटी मालाच्या किमतीत येतो आणि तो माल परदेशी बाजारात मागे पडतो.

बंदराच्या फाटकावर नेमके काय होते, ते पाहण्यासारखे आहे. १ जुलै २०१६ पासून कोणत्याही भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. जहाजाचा तोल बिघडू नये म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने हा नियम केला. नियम योग्यच आहे. परंतु मागच्या प्रदेशात विश्वासार्ह वजनकाटे नसतील, तर सगळे ट्रेलर बंदराजवळच्या एकदोन काट्यांवर गर्दी करतात, आणि कोट्यवधींचा चौपदरी रस्ता काही मीटर लांबीच्या लोखंडी पट्टीपाशी येऊन तुंबतो. कारखान्यांच्या पट्ट्यात चार चांगले काटे बसवणे आणि फाटकावर येण्याची वेळ आधी ठरवून देणे या दोन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. म्हणून नवा रस्ता आखण्याआधी महिनाभराच्या जीपीएस नोंदी काढून ट्रक कुठे आणि किती वेळ उभे राहतात याचा नकाशा करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

शेवटच्या टप्प्याचे एक बोलके उदाहरण लॉस एंजेलिसचे आहे. तिथली आणि शेजारच्या लाँग बीचची बंदरे शहरापलीकडच्या रेल्वे यार्डांना जोडणारा अलामेडा कॉरिडॉर हा मालगाड्यांचा रेल्वेमार्ग २००२ साली सुरू झाला. त्याची लांबी अवघी ३२ किलोमीटर आहे; पण त्यातला सुमारे १६ किलोमीटरचा भाग जमिनीखालच्या खंदकातून नेल्यामुळे रस्ते आणि रूळ एकमेकांना छेदत होते अशी सुमारे २०० ठिकाणे निकालात निघाली. त्यामुळे मालगाड्यांचा मार्ग मोकळा झाला आणि शहरातल्या लोकांचाही खोळंबा संपला.

प्रश्न : दोन देशांच्या सीमेवर एकच सामाईक चौकी असावी, असे अलीकडे सुचवले जाते. ती प्रत्यक्षात कशी चालते? पूल किंवा रस्ता बांधण्याइतका तिचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : नेहमीच्या सीमेवर ड्रायव्हर ट्रक उभा करतो, फाइल काखेत मारतो आणि आधी सीमाशुल्काच्या खिडकीवर, मग पासपोर्टच्या, मग वनस्पती व अन्न तपासणीच्या, मग वजनकाट्यावर असा फिरतो. फाटक ओलांडले की पलीकडच्या देशात हाच फेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तीच यादी पुन्हा वाचली जाते, तीच मोहर पुन्हा तपासली जाते, आणि एका बाजूचे कार्यालय संध्याकाळी लवकर बंद होत असेल तर रात्र दोन फाटकांच्या मधल्या पट्ट्यात काढावी लागते. सामाईक चौकीत ट्रक फक्त ज्या देशात शिरायचे तिथेच थांबतो. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत शेजारी बसून, आधी निर्यातीचे आणि लगेच आयातीचे काम उरकतात, आणि मालाची उघडून तपासणी करायची झालीच तर ती दोघे मिळून एकदाच करतात.

झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यामध्ये झांबेझी नदीवर असलेली चिरुंडूची चौकी डिसेंबर २००९ मध्ये या पद्धतीने सुरू झाली आणि ती आफ्रिकेतली अशी पहिली चौकी मानली जाते. तिथे इमारतीपेक्षा अवघड काम कायद्याचे होते. एका देशाच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या देशाच्या भूमीवर बसून माल अडवला किंवा कुणाला ताब्यात घेतले, तर त्याला तो अधिकार कुठून आला, असा प्रश्न न्यायालयात उभा राहू शकतो. म्हणून दोन्ही देशांना त्यासाठी स्वतंत्र कायदे करावे लागले. एखाद्या प्रदेशाने आधी आलिशान इमारत उभी करून मग करारासाठी वाटाघाटी सुरू केल्या, तर ती इमारत बराच काळ कुलूपबंद राहणार हे उघड आहे.

आता पुलाविषयी. त्याच झांबेझीवर काझुंगुला येथे बोत्स्वाना आणि झांबिया यांच्यामध्ये पूर्वी तराफ्यासारख्या फेरीबोटीतून मोजके ट्रक पलीकडे नेले जात आणि मागे ट्रकांची रांग दिवसेंदिवस ताटकळत असे. मे २०२१ मध्ये तिथे ९२३ मीटर लांबीचा, रस्ता आणि रूळ दोन्ही वाहून नेणारा पूल खुला झाला. झिंबाब्वेच्या हद्दीत पाऊल पडू नये म्हणून तो वळणदार बांधला आहे. या प्रकल्पाचे मला विशेष वाटते ते असे, की पुलासोबतच दोन्ही काठांवर सामाईक चौक्याही बांधल्या गेल्या. नुसता पूल झाला असता तर नदीकाठची रांग उठून खिडकीपुढे जाऊन बसली असती. तेव्हा पूल मोठा की चौकी मोठी, असा वाद घालण्यात अर्थ नाही. त्या दोन्हींचा आराखडा एकाच टेबलावर व्हायला हवा.

या बाबतीत देशांवर काही बंधनेही आहेत. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ रोजी अमलात आला. शेजारी देशांनी सीमेवरचे कामाचे दिवस, वेळा आणि कार्यपद्धती शक्य तेवढ्या जुळवून घ्याव्यात, संयुक्त तपासणी आणि सामाईक चौकी यांचा विचार करावा, माल पोहोचण्यापूर्वीच कागदपत्रे स्वीकारावीत, अशी कलमे त्यात आहेत.

प्रश्न : लांब पल्ल्याच्या मालासाठी रस्त्यापेक्षा रेल्वे स्वस्त असते, असे शिकवले जाते. मग प्रत्येक प्रदेशाने बंदरापर्यंत रेल्वेच का नेऊ नये?

उत्तर : रेल्वे स्वस्त पडते, पण त्यासाठी अंतर लांब, माल भरपूर आणि गाडी रोजची हवी. दोन्ही टोकांना कंटेनर ट्रकवरून उतरवण्या-चढवण्याचा खर्च असतोच, आणि कमी अंतरात तो वसूल होत नाही. आठवड्यातून एकच गाडी सुटत असेल तर घाईचा माल पुन्हा रस्त्यावरच जातो.

सीमा ओलांडणाऱ्या रेल्वेपुढे आणखी एक अडचण असते, ती रुळांमधल्या अंतराची. चीन आणि युरोपचा बराचसा भाग १,४३५ मिलिमीटर गेज वापरतो, कझाकस्तान आणि रशियासारखे देश १,५२०, तर स्पेनच्या जुन्या मार्गांवर १,६६८ मिलिमीटर. चीन-कझाकस्तान सीमेवर खोरगोस येथे दोन्ही गेजच्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात आणि क्रेन एकेक कंटेनर उचलून पलीकडच्या वाघिणीवर ठेवते. हे शक्य झाले ते कंटेनरची मापे जगभर एकसारखी असल्यामुळे. धातूच्या पेट्यांतून माल नेण्याचा व्यवसाय माल्कम मॅक्लीन यांनी २६ एप्रिल १९५६ रोजी आयडियल एक्स या जहाजावर ५८ पेट्या चढवून सुरू केला, तेव्हा प्रत्येक कंपनीची पेटी वेगळ्या मापाची असे. पुढे मापांचे प्रमाणीकरण झाले आणि ट्रक, वाघीण व जहाज यांची सांगड बसली. म्हणून गेज बदलण्याचा अफाट खर्च झेपत नसेल, तर सीमेवरच्या यार्डात पुरेशा क्रेन, पुरेशी लांब साइडिंग (गाड्या उभ्या करण्याचे बाजूचे रूळ) आणि दोन्ही बाजूंचे जुळणारे वेळापत्रक यांवर पैसा घालणे शहाणपणाचे ठरते.

प्रश्न : समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशात ड्राय पोर्ट उभारल्याने काय साधते?

उत्तर : ड्राय पोर्ट म्हणजे बंदराची कामे करणारे, पण समुद्रापासून दूर असलेले केंद्र. तिथे सीमाशुल्काचे काम बंदराऐवजी कारखान्याजवळ उरकता येते आणि मोहरबंद कंटेनर थेट जहाजाकडे जातो. इथिओपियाला समुद्रकिनारा नाही आणि त्याचा बहुतांश परदेशी व्यापार जिबूती बंदरातून चालतो. त्यासाठी मोजो येथील ड्राय पोर्ट आणि आदिस अबाबा ते जिबूती ही सुमारे ७५० किलोमीटरची विद्युत रेल्वे यांची जोड महत्त्वाची आहे. मात्र ड्राय पोर्टवर झालेली तपासणी बंदरावर ग्राह्य धरली जात नसेल, तर त्याचे रूपांतर एका जादा थांब्यात होते. उभारणीपूर्वी हा मुद्दा लेखी निकाली काढलेला असावा.

प्रश्न : मालवाहतुकीसाठी बांधलेले नवे रस्ते चारपाच वर्षांतच उखडतात. यात दोष बांधकामाचा की ट्रकवाल्यांचा?

उत्तर : बांधकामात खोट असू शकते, पण जादा भाराकडे दुर्लक्ष केले तर उत्तम बांधलेला रस्ताही टिकत नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात ट्रक सतत फिरवून रस्त्यांची चाचणी घेण्यात आली. तिच्यावरून ढोबळमानाने असा नियम निघाला, की रस्त्याची झीज एका आसावरच्या, म्हणजे चाकांच्या जोडीला धरणाऱ्या दांड्यावरच्या, भाराच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे १० टनांसाठी आखलेल्या रस्त्यावर आसावर १२ टन घातले, तर भार वाढला पाचव्या हिश्शाने आणि झीज झाली दुपटीहून थोडी अधिक. ट्रकमालकाला मिळणारा जादा फायदा त्याच्या खिशात जातो आणि उखडलेल्या रस्त्याचा भुर्दंड सर्वांना बसतो, म्हणून हा केवळ वाहतूक शिस्तीचा प्रश्न मानून सोडून देणे मला अन्यायाचे वाटते.

सीमेच्या अलीकडे एक मर्यादा आणि पलीकडे दुसरी असेल तर अडचण आणखी वाढते. कायदेशीर भरलेला ट्रक पलीकडे बेकायदा ठरतो आणि चिरीमिरीला वाव मिळतो. पूर्व आफ्रिकी समुदायाने सदस्य देशांसाठी एकच कायदा करून वाहनाच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ५६ टन ठरवली, ती याच कारणाने. चालत्या ट्रकचे वजन रस्त्यातच घेणारे काटे, त्यांची नोंद आपोआप व्हावी अशी व्यवस्था, आणि जादा माल तिथेच उतरवून घेण्याची सक्ती, या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच मर्यादा पाळली जाते. आणि डागडुजीचा निधी रस्ता मंजूर करतानाच वेगळा काढून ठेवावा, कारण उद्घाटनानंतर त्याची आठवण कुणाला राहत नाही.

प्रश्न : फळे, फुले, मासळी पाठवणाऱ्या छोट्या निर्यातदारांना या मोठ्या प्रकल्पांतून काही मिळते का?

उत्तर : आपोआप मिळत नाही, त्यांच्या गरजा आराखड्यात नावानिशी लिहाव्या लागतात. शीत कंटेनरला थांबलेल्या अवस्थेतही वीज लागते, म्हणून चौकीवर आणि रेल्वे यार्डात वीजजोडणीची सोय हवी. तपासणीची जागा सावलीत आणि थंड हवी, नाहीतर दार उघडून ठेवलेल्या तासाभरात मालाची गुणवत्ता उतरते. वर उल्लेखिलेल्या व्यापार सुलभीकरण कराराच्या सातव्या कलमात नाशवंत मालाला तपासणीच्या वेळा ठरवताना योग्य ते प्राधान्य द्यावे आणि अपवादात्मक परिस्थितीत कार्यालयीन वेळेबाहेरही तो सोडावा, अशी तरतूद आहे. छोट्या निर्यातदारांच्या संघटनांनी ती आपल्या सीमाशुल्क कार्यालयाकडे लेखी मागावी, आणि रात्रपाळीला वनस्पती तपासणी अधिकारीही हजर असेल याची खात्री करून घ्यावी. सीमाशुल्काची खिडकी उघडी आणि तपासणीची बंद असेल, तर ट्रक सकाळपर्यंत तिथेच उभा राहतो.